मेंबरच्या बातम्या आणि सुभेदाराचा कौल

बाभळवाडीचे झेडपी मेंबर बिभीषणराव यांची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री होती. आपण बोलायला लागलो की जनता कानात प्राण आणून ऐकते.

दर सोमवारी सकाळी ते अंघोळ उरकून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा चढवून घरासमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. बायको सोनाली समोर मोबाइल धरून उभी राही आणि मेंबरांचं लाइव्ह सुरू होई. "नमस्कार मायबाप! आपल्या गटातल्या आठवड्याच्या बातम्या घिऊन तुमचा बिभीषण हजर हाय." मग कोणत्या गावचा रस्ता मंजूर झाला, कोणत्या शाळेवर नवे पत्रे चढणार, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर कधी येणार, अंगणवाडीला फरशी कोणत्या रंगाची बसणार, हे सगळं ते सांगत. सांगत कसलं, वाढत. पंगतीत जिलेबी वाढणारा फिरतो ना, तसं. ताटात पडो न पडो, आग्रहाला कमी नाही.

सुरुवातीला हे लाइव्ह बघायला सोनालीची आई आणि बार्शीला दिलेली बहीण, एवढीच माणसं असायची. पण दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, बघणारे भराभर वाढले. अख्खी बाभळवाडी बघायची, शेजारची उंबरवाडी बघायची, मोहोळच्या बाजारातले दुकानदार गिऱ्हाईक थांबवून बघायचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला असलेली गावची पोरं दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता बघायची. मेंबरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी आणखी दोन सदरे शिवले, बोलताना हात कसे हलवायचे याचा आरशासमोर सराव केला, आणि सोनालीला बजावलं, "मोबाइल जरा जवळ धरत जा. लोकांना माजा चेहरा नीट दिसाय पायजे."

"जवळ धरला की मागचं दिसत न्हाय," सोनाली म्हणाली.

"मागं हाय काय बघन्याजोगं?"

सोनालीनं "बरं" म्हटलं आणि मोबाइल होता तेवढाच लांब धरला. नवऱ्याचं सुख किती दिवस टिकू द्यायचं हे बायकोला बरोबर कळतं.

मागे एक बुटकी दगडी भिंत होती आणि भिंतीवर सुभेदार असायचा. सुभेदार म्हणजे बोकड. काळाकुळकुळीत, पिळाच्या शिंगांचा, लांब दाढीचा. वरच्या धनगर वस्तीवरच्या बनाबाईचा तो बोकड. मागं एकदा तिची मेंढरं रोगानं पटापट पडायला लागली तेव्हा तिनं बिरोबाला साकडं घातलं, आणि राहिलेली मेंढरं वाचली तेव्हा हा बोकड देवाच्या नावानं कायमचा सोडून दिला. त्याच्या मानेला सुरी लागायची नाही, पाठीवर काठी पडायची नाही. कुणाच्याही रानात शिरावं, काहीही खावं, कुणी हाड म्हणायचं नाही. दारोदार हिंडून काही ना काही वसूल केल्याशिवाय तो पुढे सरकत नसे, म्हणून गावानं त्याला सुभेदार केलं. सोमवारी सकाळी मेंबरांच्या भिंतीवर त्याचा मुक्काम ठरलेला, कारण त्याच वेळी सोनाली भाजीची देठं तिथं टाकायची.

तर एका बाजारच्या दिवशी बिभीषणराव मोहोळला चहाच्या टपरीवर बसले होते. ते आतल्या बाकावर आणि बाहेरच्या बाकावर बाभळवाडीचे दोघं. मेंबर आत बसलेत हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

"मेंबर म्हनत हुता, दवाखान्यात डॉक्टर येनार बेस्तरवारी. म्हस घिऊन जावं म्हंतो."

"झाडलं का पर?"

"न्हाय झाडलं."

"मंग कशाला हेलपाटा घालतूस? म्हस दमंल, तू दमशील."

"व्हय की. ऱ्हाऊ दे."

बिभीषणरावांना यातलं अक्षर कळलं नाही. पण बेस्तरवारी डॉक्टर खरंच आला नाही, आणि दवाखान्यापुढं एकही म्हैस उभी नव्हती. उंबरवाडीचासुद्धा कुणी फिरकला नाही. एवढं गाव एकदम शहाणं कसं झालं? त्यांनी घरी येऊन सोनालीला विचारलं, "झाडलं म्हंजे काय गं?"

सोनाली पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग तिनं मेंबरांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, "तुमचंच लाइव्ह परत बघा. पर सोताकडं बघू नका. मागं बघा."

आता इथं एक रीत सांगायला हवी. जत्रेला देवापुढे बोकड उभा करतात आणि त्याच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं तर देवानं होकार दिला. नाही झाडलं तर देव राजी नाही, पुन्हा विनवणी करा. याला कौल म्हणतात. बापजाद्यांपासून चालत आलेली रीत, तिच्यावर कुणी शंका घेत नाही. सुभेदार तर देवाचाच बोकड. त्याला पाणी शिंपडायचीही गरज नाही, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं.

बिभीषणरावांनी एकामागून एक सगळी लाइव्ह बघितली. आजवर ती त्यांनी पुष्कळदा बघितली होती, पण नजर आपल्याच मिशीवर. आता पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. ते सांगत होते, "रस्त्याचं काम पंधरा दिवसांत सुरू हुनार," आणि सुभेदार ढिम्म. रस्ता अजून झाला नव्हता. "शाळेवर पत्रे येनार." ढिम्म. पत्रे आले नव्हते. "शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायचं शिबिर सोमवारी," म्हणताच सुभेदारानं असं अंग झाडलं की दाढीतला पाला उडाला. शिबिर झालं होतं! खाली लोकांनी लिहिलं होतं, "झाडलं रे झाडलं", "जय बिरोबा", "मेंबर, जरा डावीकडं सरका, सुभेदार दिसंना."

खरं सांगायचं तर यात चमत्कार काही नव्हता. बोकड अंग झाडतो ते माशी चावल्यावर. दिवसातून पाच-सहा वेळा झाडतो, बाकी वेळ रवंथ करतो. आणि मेंबरांच्या दहा बातम्यांतल्या नऊ व्हायच्या नाहीत. अशा माणसाच्या मागे जो कुणी गप्प उभा राहील तो त्रिकालज्ञानी ठरेल. तिथं बोकडाऐवजी रांजण ठेवला असता तरी त्याला नारळ फुटले असते. पण हे गावाला कोण सांगणार, आणि मेंबरांनी कोणत्या तोंडानं सांगायचं?

बिभीषणरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. "म्हंजे लोक माजं ऐकत न्हायती?"

"ऐकत्यात की," सोनाली म्हणाली. "तुमी काय म्हंताय ते ऐकल्याबिगर सुभेदारानं कशाला झाडलं ते कसं कळंल?"

दुसऱ्या सोमवारी मेंबरांनी भिंतीपुढं चादर बांधली. त्या लाइव्हला बघायला सोनालीची आई आणि बार्शीची बहीण होती. चादर निघाली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्येच टाकीचं प्रकरण आलं. वरच्या धनगर वस्तीवर पाण्याची टाकी बांधायची, आणि उजनीच्या पाण्याची जी मोठी पाइपलाइन खालून जाते तिला जोडायची, अशी योजना मंजूर झाली. अगदी खरोखर मंजूर झाली. कागद आला, सही आली. वस्तीवरच्या बाया आजही घागरी घेऊन ओढ्यापर्यंत उतरत होत्या, आणि टँकर आला की भांड्याला भांडं लागून भांडणं होत होती. बिभीषणराव पहिल्यांदा निवडून आले ते टाकीच्या शब्दावर. बाकीच्या बातम्या बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होत्या, हे त्यांनाही आतून ठाऊक होतं. पण ही टाकी त्यांना मनापासून हवी होती. बनाबाई त्यांच्या आईच्या वयाची. डोक्यावर घागर घेऊन ती चढ चढताना दिसली की मेंबर गाडीची काच वर करत, आणि वर करताना त्यांना स्वतःची लाज वाटे.

अडचण जागेची होती. टाकी बांधायची बिरोबाच्या देवळामागच्या गायरानात. त्यासाठी ग्रामसभेनं हात वर करून ठराव द्यायला हवा. ग्रामसेवक अजिनाथ भित्रा पण सरळ माणूस. त्यानं स्पष्ट सांगितलं, "साहेब, या सभेत ठराव झाला नाही तर योजना उंबरवाडीला जाईल. त्यांची जागा तयार आहे."

बिभीषणरावांनी सोमवारी लाइव्हवर टाकीची बातमी दिली. गळा भरून आला, इतकं छान बोलले. सुभेदारानं ऐकून घेतलं, पाठ फिरवली आणि भिंतीवर लेंड्या टाकल्या.

झालं! दुपारपर्यंत निकाल गावभर. टाकी होत नसते. मग गायरान कशाला द्यायचं? टाकी तर व्हायची नाही आणि मेंढरांचं चरायचं रान तेवढं जायचं. तेलही गेलं, तूपही गेलं!

पुढचे चार दिवस मेंबरांनी बोकडाची मनधरणी करण्यात घालवले. गुपचूप घरामागे नेऊन त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं. सुभेदारानं मान वळवून पाठीवरून ओघळणारं पाणी चाटलं. फ्रिजमधलं गार पाणी ओतलं. उकाड्याचे दिवस, त्याला बरं वाटलं, तो डोळे मिटून उभा राहिला. गवताच्या काडीनं कानात गुदगुल्या केल्या, त्यानं काडी खाल्ली. शेवटी हात जोडून मेंबर म्हणाले, "सुभेदार, एकदा झाडा. एकदाच. पुन्यांदा तुमच्याकडं काय मागनार न्हाय." मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या दारात तिकिटासाठी उभे राहताना त्यांचा आवाज एवढा मऊ झाला नव्हता. सोनालीनं खिडकीतून हे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला हसू आलं नाही. या माणसाला टाकी खरंच हवीय, हे तिच्या ध्यानात आलं.

सभेच्या सकाळी बिरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली गाव जमलं. अध्यक्षस्थानी सरपंच तिप्पण्णा. वारा कुठल्या दिशेचा आहे हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, या एका नियमावर तो तीनदा सरपंच झाला होता. अजिनाथनं ठराव वाचून दाखवला आणि म्हणाला, "मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

लिंबावरचा कावळा उडाला. बाकी काही हललं नाही.

"अवो, पानी येनार हाय पानी!" बिभीषणराव उठून म्हणाले. "तुमच्या दारात नळ येनार. बनाआज्जी, तू तरी हात वर कर की."

बनाबाई पुढच्या रांगेत मांडी घालून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "बिभीषणा, लेका, तुज्यावर माजा राग न्हाय. तू गोड बोलतूस. पर देवाचं जनावर न्हाय म्हंतंय त्याला आमी काय करावं?"

"ते जनावर रवंथ करतंय आज्जी!"

सभेत कुजबुज उठली. देवाच्या बोकडाला असं बोलायचं? तिप्पण्णानं वारा ओळखला आणि तोंड उघडलं. "मी काय म्हंतो, सुभेदारालाच बलवू. हितंच देवापुढं रीतसर पानी शिंपडू. झाडलं तर ठराव. न्हाय झाडलं तर सभा संपली, च्या पिऊन घरी."

अजिनाथ चाचरत म्हणाला, "असं नियमात बसत नाही."

"मंग उभं ऱ्हाऊन बघा," तिप्पण्णा म्हणाला, आणि लोक हसले.

सुभेदार आला. म्हणजे त्याला आणावं लागलं नाहीच, माणसं जमली की काहीतरी खायला मिळतं हे त्याला ठाऊक होतं. बनाबाईनं त्याला देवळाच्या पायरीपुढं उभं केलं, कपाळाला भंडारा लावला, पाठीवर पाणी शिंपडलं. सोनालीनं मोबाइल वर धरला. एमआयडीसीतल्या पोरांनी आज म्हणे माग बंद करून मोबाइल मधोमध ठेवला होता.

"बोल बिभीषणा," बनाबाई म्हणाली.

मेंबर बोलले. टाकी किती उंच, पाइप किती जाड, नळ कुणाकुणाच्या दारात, सगळं बोलले. सुभेदार समोर बघत उभा. बनाबाईनं पुन्हा पाणी शिंपडलं. मेंबर पुन्हा बोलले, या वेळी हात हलवून. सुभेदार खाली बसला. तिसऱ्यांदा पाणी पडलं तेव्हा मेंबरांचा घसा बसला होता आणि सुभेदार पाय पसरून निवांत झाला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "च्या सांगा रं."

बिभीषणरावांच्या डोळ्यांपुढं उंबरवाडीची टाकी उभी राहिली. तिच्यावर उंबरवाडीच्या माणसाच्या नावाची पाटी, तिच्या नळाला उंबरवाडीच्या घागरी. आणि बनाबाई त्याच चढावर. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरशासमोर बसवलेले हातवारे विसरले, आवाज फाटला, आणि आजवर एकाही लाइव्हमध्ये जे वाक्य आलं नव्हतं ते तोंडातून सुटलं.

"ह्या दिवाळीपतूर वस्तीवर पानी आलं न्हाय, तर म्या मेंबरकीचा राजीनामा देतो! लिवून घ्या!"

सुभेदार उठला. चारही पाय रोवून त्यानं शिंगं झाडली, मान झाडली, पाठ झाडली, अगदी शेपटाच्या टोकापर्यंत असं काही अंग झाडलं की पाण्याचे शिंतोडे अजिनाथच्या चष्म्यावर, तिप्पण्णाच्या टोपीवर आणि मेंबरांच्या कडक इस्त्रीवर उडाले.

मग जो गलका झाला! भंडारा उधळला, बायांनी "बिरोबाच्या नावानं चांगभलं" केलं, आणि मोबाइलवर एवढ्या लोकांनी एकदम लिहिलं की सोनालीला आपला नवराच दिसेना.

"थांबा, थांबा," तिप्पण्णा ओरडला. "कौल कशाला दिला? टाकीला का राजीनाम्याला?"

प्रश्न बिनतोड होता. अर्धं गाव म्हणालं टाकीला. अर्धं म्हणालं, टाकीचं तीनदा सांगितलं तेव्हा झोपला होता की, राजीनामा म्हटल्यावरच उठला. मेंबरांना दुसरा अर्थ पटू लागला होता आणि त्यामुळे घाम फुटला होता. अखेर सगळ्यांनी बनाबाईकडं बघितलं.

"दोन्हीला," बनाबाई म्हणाली. "देवानं शर्त मान्य केली. टाकी बिनशर्त दिली तर हा बांधत न्हाय, एवढं देवाला कळत न्हाय व्हय?" आणि तिनं हात वर केला.

तिच्यामागे सगळं गाव हात वर करून उभं राहिलं. म्हातारे, बाया, जे सभेला कधी येत नाहीत तेही. बिभीषणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवडणुकीतही एवढे हात त्यांच्यासाठी वर झाले नव्हते.

अजिनाथ चष्मा पुसून लिहायला लागला. मेंबर हळूच त्याच्या कानाशी गेले. "ते शेवटचं वाक्य नका लिवू. रागाच्या भरात निघालं."

"साहेब, तुम्हीच म्हणालात, लिहून घ्या. आणि कौल त्यावरच आहे. ते गाळलं तर गाव मला इथून जाऊ देणार नाही." मग त्यानं आवाज चढवून विचारलं, "मेंबरांच्या शर्तीला अनुमोदक कोण?"

"सुभेदार!" गाव ओरडलं.

"त्याचं मतदार यादीत नाव नाही," अजिनाथ काकुळतीला येऊन म्हणाला. "माणूस पाहिजे."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मेंबरांच्या राजीनाम्याला तोंडावर अनुमोदन द्यायचं म्हणजे वैर ओढवून घेणं. उद्या दाखल्यावर सही हवी असते. तिप्पण्णा आभाळाकडं बघत होता. बिभीषणरावांना जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात एका हातात मोबाइल धरलेल्या बाईनं दुसरा हात वर केला.

"माजं अनुमोदन," सोनाली म्हणाली. "सोनाली बिभीषण. लिवा."

घरी परतताना मेंबर बायकोपासून चार पावलं पुढं चालत होते. ओट्यावर पोचल्यावर सदऱ्यावरचे डाग झटकत राहिले. सुभेदार त्यांच्या आधीच येऊन भिंतीवर चढला होता.

"लगीन लावून आनलेली बायकू तू," शेवटी ते फुटले. "आन नवऱ्याच्या राजीनाम्याला हात वर करतीस?"

"म्या टाकीला हात वर केला," सोनाली म्हणाली. "तुमी परवा बोकडापुढं हात जोडलं, ते बघितलं म्या. तवाच ठरिवलं, ह्या बारीला तुमच्या बाजूनं हुबं ऱ्हायाचं."

"ही बाजू व्हय? दिवाळीला पानी न्हाय आलं तर?"

"आलं तर राजीनाम्याचा सवाल येतोच कुटं?" तिनं मोबाइल बंद करून कमरेला खोचला. समोर आता कुणी बघणारं नव्हतं. "मला एकच सांगा. टाकी बांधनार हाय न्हवं तुमी?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. लोकांनी बातम्या ऐकल्या होत्या, टाळ्या वाजवल्या होत्या, मोबाइलवर अंगठे दाबले होते, पण असं समोर उभं राहून कुणी विचारलं नव्हतं.

"बांधनार की," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर आपसूक भिंतीकडं गेली.

"तिकडं काय बघताय?" सोनाली म्हणाली. "माज्याकडं बघून सांगा."